भागिले शून्य

हेरंबकडे मी कोड मागितला. त्याने पाठवला.
वर मजकूर काहीच नाही.
ज्या होंडासाठी लिहिला होता
ती ओहायोतच भंगारात गेली,
हेरंब दुसऱ्या संसारात,
आणि कोड आता इथे, हडर्सफील्डला,
कणकेच्या डब्याला टेकवलेल्या लॅपटॉपवर.
खाली रस्त्यावर माझी जुनी मायक्रा
चाकाखाली दगड घेऊन चढावर उभी.

त्याचा बोर्ड सोळा मेगाहर्ट्झचा,
माझा आठचा, स्वस्तातला.
त्याचा एक सेकंद
माझ्याकडे दोन सेकंद चालतो.
आधी ते घड्याळ दुरुस्त केलं.

मग पिना.
दोनवर इंजेक्टर, तो तसाच ठेवला.
तीनवर त्याची चाकं वाजायची;
माझ्या चिपला तिथे कानच नाही.
चाकं सातवर नेली.
डाग देताना बोट भाजलं,
सोमवारी ऑफिसात सांगितलं, तवा.

त्याचा पडदा सोळा अक्षरांचा, माझा आठच.
त्याची वाक्यं कापत बसले.
क्रियापदं गेली, आकडे राहिले.

गॅलनचं मात्र लक्षातच आलं नव्हतं.
शेजारचा विल्फ आर्मिटेज
ऑसिलोस्कोप द्यायला आला,
बूट न काढता थेट ओट्यापर्यंत,
आणि म्हणाला, अमेरिकेचा गॅलन लहान असतो, पोरी.
त्यांचा पावणेचार लिटरचा,
आमचा साडेचाराच्या वर.
म्हणजे गाडी तीच, पेट्रोल तेवढंच,
आणि समुद्र ओलांडला की
मायलेज वीस टक्के सुधारतं.
इथे आल्यावर आईला फोनवर
मी साधारण याच हिशेबाने
'बरं चाललंय' म्हणाले होते.

कोडात मध्येच हेरंब बोलतो.
दोन तिरक्या रेघा, पुढे रोमन लिपीतलं मराठी:
// हे का चालतं माहीत नाही
// भूक लागली
आणि दोनशे बाराव्या ओळीला:
// दोनने भाग. का ते विचारू नकोस. काढू नकोस.

नाही काढलं.
तीन आठवडे मायक्रा
गॅलनला चोवीस मैल दाखवत राहिली.
मी टायर तपासले, प्लग बदलले,
पेट्रोलपंपाच्या पावत्या पसरून
रात्री वहीत भागाकार केले, हातचे धरून.
दर वेळी अठ्ठेचाळीसच्या आसपास.
तरी वाटलं, चूक वहीचीच असणार.

शेवटी विल्फने जॅक लावला,
मी वायरीला टोक टेकवलं,
हिरव्या रेघेवर सुळके मोजले.
एका फेऱ्याला चार.
होंडाचा सेन्सर आठ द्यायचा.
एवढंच होतं.
विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं,
तो तेव्हाच विसरला होता.
ओळ पुसली.
कर्सर तिथे थोडा वेळ लुकलुकत राहिला.

रविवारी होम मॉसवर गेलो.
वर वारा इतका की दार उघडेना.
चढताना आकडा एकोणीस, सतरा, चौदा,
विल्फ एकेक मोठ्याने वाचत होता
जशी त्याच्याच खिशातली नाणी जातायत.
माथा ओलांडला. गिअर तसाच, पाय काढला.
इंजेक्टर मिटले.
अंतर वाढतंय, पेट्रोल शून्य,
आणि अंतर भागिले शून्य
कुठल्याच चिपला जमत नाही.

हे हेरंबने ओळखलं होतं.
पेट्रोल शून्य असेल तर, त्याने लिहिलंय,
भागू नकोस, नऊशे नव्व्याण्णव दाखव.
पुढे दोन तिरक्या रेघा: // उतार. मजा कर.
ही ओळ मी जशीच्या तशी ठेवली आहे.

विल्फने पडद्यावर टिचकी मारली.
नऊशे नव्व्याण्णव? बिघडलं वाटतं.
नाही, मी म्हणाले, उतार आहे.
खाली मेंढ्या रस्त्यात उभ्या होत्या.
मी ब्रेकवर पाय ठेवला.